गिऱ्हाईक किती, ते बांधावरून मोजा

ऊस तोडणीला आला की शेतकऱ्याच्या जिवाला दोन घोर लागतात. टोळी केव्हा येणार आणि बिल केव्हा निघणार. भाव किती मिळणार हा खरे तर पहिला घोर असायला हवा. पण तो आपल्या हातचा नाही, अशी त्याने मनाची समजूत घालून ठेवलेली असते. भाव 'ते' ठरवतात. हे 'ते' कोण, किती आणि त्यांच्या हाती एवढी सत्ता आली कोठून, हा विषय चहाच्या टपरीवर रोज निघतो आणि चार शिव्या घालून संपतो. शिव्यांनी मन हलके होते. टनामागे रुपया वाढत नाही.

मातीचा कस तपासता येतो, रक्तातली साखर तपासता येते, तशी बाजारातली सत्ताही तपासता येते. अर्थशास्त्रज्ञांनी त्यासाठी काही मापे तयार केली आहेत आणि त्या मापांच्या आधारे सरकारे व न्यायालये निर्णय देत असतात. ही मापे काय आहेत हे शेतकऱ्यानेही समजून घेतले पाहिजे असे मला वाटते. कारण माप बरोबर असले तरी ते चुकीच्या जागी उभे राहून लावले, तर निकाल चुकतो. आपल्या बाबतीत नेमके हेच होत आले आहे.

सत्ता म्हणजे काय?

बाजारसत्ता म्हणजे स्पर्धेत जो भाव राहिला असता त्याहून तो आपल्या सोयीने वर चढवण्याची किंवा खाली दाबण्याची, आणि तसाच टिकवून धरण्याची कुवत. एका दिवशी भाव चढवणे कोणालाही जमते. पण भाव चढवूनही गिऱ्हाईक कोठे जात नाही, किंवा भाव पाडूनही माल आपल्याच दारात येतो, अशी ज्याची खात्री असते तो खरा सत्ताधारी.

१९३४ साली अबा लर्नर या अर्थशास्त्रज्ञाने याचे एक सोपे सूत्र मांडले. आणखी एक नग तयार करायला जो खर्च येतो तो विक्रीच्या भावातून वजा करावा आणि उरलेल्या रकमेला भावाने भागावे. शंभर रुपयांना विकल्या जाणाऱ्या वस्तूचा आणखी एक नग साठ रुपयांत तयार होत असेल, तर उत्तर येते ०.४. स्पर्धा जितकी कडक तितके हे उत्तर शून्याजवळ जाते.

सूत्र सुरेख आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की कोणताही कारखानदार आपला खरा खर्च उघड करीत नाही. दुसरी अडचण बियाण्यात दिसते. बीटी कापसाच्या बियाण्यात जे जनुक असते, ते आणखी एका पाकिटात घालायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणजे त्याच्या शुल्काला हे सूत्र लावले तर उत्तर एकाजवळ जाणार. पण म्हणून ते सगळे शुल्क लूट ठरत नाही, कारण ते जनुक शोधायला वर्षानुवर्षांचा खर्च झालेला असतो. मग किती शुल्क योग्य? २००६ साली हैदराबादेहून आंध्र प्रदेश सरकार हाच वाद घेऊन मक्तेदारी आयोगाकडे गेले. आयोगाने शुल्क कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि त्या राज्यात ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. पुढे २०१५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कापूस बियाण्याच्या किमती ठरविण्याचा आदेशच काढला. सूत्राने प्रश्न सुटला नाही. पण प्रश्न कोठे आहे ते सूत्राने दाखवले. मापाचे काम तेवढेच असते.

विकणारा एक, तसा घेणाराही एक

आपण मक्तेदारी म्हटले की विकणाऱ्याचाच विचार करतो. पण घेणारा एकटा असला तरी तीच गत होते. या दुसऱ्या प्रकाराला नाव दिले ते जोन रॉबिन्सन या विदुषीने, १९३३ च्या आपल्या ग्रंथात. ग्रीक भाषेच्या एका जाणकाराच्या मदतीने त्यांनी 'मोनॉप्सनी' हा शब्द घडवला. आपण त्याला 'खरेदीची मक्तेदारी' म्हणू या. ग्वाल्हेरच्या वाचकांना हे वाचून कौतुक वाटेल की या बाई १९२६ साली लग्न झाल्यावर काही काळ ग्वाल्हेरला राहिल्या होत्या. त्यांचे पती ऑस्टिन रॉबिन्सन तेथे बालमहाराजांचे शिक्षक होते.

रॉबिन्सनबाईंचे म्हणणे थोडक्यात असे. घेणारे अनेक असले तर मालाची जी खरी किंमत घेणाऱ्याच्या पदरात पडते, तिच्या जवळपास भाव विकणाऱ्याला मिळतो. कारण एकाने कमी दिला तर दुसरा जास्त देऊन माल उचलतो. घेणारा एकच असला की ही चढाओढ थांबते. तो जाणूनबुजून भाव कमी ठेवतो. थोडा माल कमी आला तरी चालेल, पण जो येईल तो स्वस्तात आला पाहिजे, असा त्याचा हिशेब असतो. यात त्याचा दुष्टपणाच असला पाहिजे असे नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. म्हणूनच हा प्रश्न माणसाच्या स्वभावाचा नसून बाजाराच्या घडणीचा आहे.

वर्गांची बेरीज

बाजार किती जणांच्या मुठीत आहे हे मोजण्याचे सर्वांत प्रचलित माप दोन अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाते. अल्बर्ट हर्शमन यांनी ते १९४५ च्या ग्रंथात देशादेशांतील व्यापारासाठी वापरले आणि ऑरिस हर्फिन्डाल यांनी १९५० साली अमेरिकेतील पोलाद धंद्यावरील प्रबंधात. प्रत्येक धंदेवाल्याचा बाजारातील टक्का घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि सगळ्या वर्गांची बेरीज करावी. दहा जण प्रत्येकी १० टक्क्यांचे असतील तर दहा वेळा १००, म्हणजे १,०००. एकटाच असेल तर १०० चा वर्ग, म्हणजे १०,०००. वर्ग करण्यात शहाणपण आहे. त्यामुळे मोठ्याचे मोठेपण बेरजेत ठळक उठून दिसते.

अमेरिकेच्या सरकारने १९८२ साली कंपन्यांच्या विलीनीकरणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत १,८०० च्या वरचा बाजार फार एकवटलेला मानला होता. २०१० साली ही रेषा २,५०० वर नेली आणि २०२३ साली पुन्हा १,८०० वर आणली. यावरून एवढे ध्यानात घ्यावे की रेषा कोठे ओढावी हे गणित ठरवीत नाही, ते धोरण ठरवते.

आता खरी मेख पाहू. समजा, एका जिल्ह्यात २० साखर कारखाने आहेत आणि प्रत्येकाचे गाळप सारखे, म्हणजे ५ टक्के आहे. वर्गांची बेरीज आली ५००. कागदावर हा बाजार खुला, निरोगी. अधिकारी समाधानाने फाइल बंद करील.

पण आपण जिल्ह्याच्या कचेरीतून उठून एका गावच्या बांधावर येऊ. तोडलेला ऊस फार वेळ ठेवता येत नाही. त्याचे वजन घटते आणि साखरही उतरते. माल अवजड, त्यामुळे लांबची वाहतूक परवडत नाही. त्या गावात टोळी आणि ट्रॅक्टर पाठवणारे कारखाने दोनच. एक गावातला ८० टक्के ऊस नेतो, दुसरा २० टक्के. ८० चा वर्ग ६,४००, २० चा ४००, बेरीज ६,८००. उदाहरणातले आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. पण मुद्दा सोयीचा नाही. कारखाने तेच, सूत्र तेच. कचेरीत उत्तर ५०० येते आणि बांधावर ६,८०० येते.

बाजाराची वेस कोठे?

म्हणून अर्थशास्त्रज्ञ आधी बाजाराची वेस ठरवतात. त्याची एक रीत आहे. विकणाऱ्याने भाव पाच ते दहा टक्के चढवला आणि तो टिकवला, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल काय? जात असेल तर तो 'दुसरीकडे'ही याच बाजारात धरावा. खरेदीदाराच्या बाबतीत प्रश्न उलटा करावा. कारखान्याने टनामागे पाच टक्के कमी दिले तर शेतकरी ऊस कोठे नेईल? ज्या कारखान्यांकडे तो खरोखर नेऊ शकतो तेवढाच त्याचा बाजार. नकाशावर दिसणारे बाकीचे कारखाने त्याच्या दृष्टीने चंद्रावर असले तरी फरक पडत नाही.

कोणी म्हणेल, गुऱ्हाळे आहेत की! ऊस गुळाला घालावा. येथे एक जुनी चूक टाळली पाहिजे. १९५६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ड्युपाँ कंपनीचा खटला आला. देशात विकल्या जाणाऱ्या सेलोफेन कागदापैकी जवळजवळ ७५ टक्के ही कंपनी करी. पण वेष्टनाचे इतर सगळे लवचीक कागद जमेस धरले, तर सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांहून कमी भरे. न्यायालयाने मोठा बाजार मानला आणि कंपनी सुटली. पुढे टीकाकारांनी दाखवून दिले की सेलोफेनचा भाव आधीच इतका चढवलेला होता की लोक नाइलाजाने दुसऱ्या कागदांकडे पाहू लागले होते. ती स्पर्धा नव्हती. चढ्या भावाचाच तो परिणाम होता.

गुळाचेही तसेच आहे. उसाचा भाव आधीच दाबलेला असला, बिल महिनोन्महिने रखडलेले असले, तर शेतकरी गुऱ्हाळाकडे वळतो. ते पाहून कारखान्याला स्पर्धा आहे असे म्हणणे म्हणजे उपाशी माणूस कोंडा खातो म्हणून कोंडा हे धान्य आहे असे म्हणण्यासारखे आहे.

नियमांनी बांधलेली वेस

उसाच्या बाजाराची वेस काही अंशी निसर्गाने घातली आणि काही अंशी कायद्याने. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दुरुस्ती होऊन दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर आवश्यक ठरले. राज्यांना ते वाढवण्याची मुभा आहे आणि महाराष्ट्राने ते २५ केले. २०१२ साली डॉ. सी. रंगराजन समितीने राखीव क्षेत्राची पद्धत आणि ही अंतराची अट दोन्ही काढून टाकावीत अशी शिफारस केली. निर्णय बऱ्याच अंशी राज्यांवर राहिला, आणि तेथेच घोडे अडले.

सीमाभागाला याचा अनुभव वेगळा सांगायला नको. आमच्याकडचा ऊस कोल्हापूरकडे जातो, तिकडचा इकडे येतो. सीमेपलीकडच्या कारखान्याची गाडी फडात उभी राहिली की अलीकडचा कारखानाही टोळी लवकर पाठवतो. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस नेण्यास बंदी घातली आणि विरोध झाल्यावर थोड्याच दिवसांत ती मागे घेतली. भाषेच्या आणि सीमेच्या वादावर आमची मते काहीही असोत, पण उसाच्या गाडीला सीमा मोकळी असावी यावर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचे एकमत असायला हवे. गिऱ्हाईक वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूर येथे ऊस उत्पादक रस्त्यावर बसले. तोडणी-वाहतूक सोडून टनाला ३,५०० रुपये ही त्यांची मागणी होती; राज्य सरकारला मध्ये पडून ३,३०० वर तोड काढावी लागली. मला यात एक मोजमाप दिसते. ज्या मालाला दारात पाच गिऱ्हाईके येतात, त्याच्या भावासाठी कोणी रस्ता अडवीत नाही.

आकडा लहान, सत्ता मोठी

आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये याचे दुसऱ्या टोकाचे उदाहरण गोव्यातले आहे, आणि ते आरोग्याशी निगडित आहे. औषधांची दुकाने गावोगाव, प्रत्येक लहान. वर्गांची बेरीज केली तर ती चिमूटभर येईल. पण कोणत्या कंपनीने कोणाला स्टॉकिस्ट नेमावे यासाठी औषधविक्रेत्यांच्या संघटनेची ना-हरकत लागे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ साली गोव्यातील औषधविक्रेता संघटनेची ही वागणूक कायद्याचा भंग ठरवून दंड केला. लहान लहान माणसे एकत्र येऊन दार अडवू लागली की तीही मक्तेदारीच. तिचा भुर्दंड शेवटी औषधाची चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या आजाऱ्याला बसतो.

दुसरी बाजू

कारखान्यांचीही बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. उसाची खात्री नसेल तर कोणी कोट्यवधी रुपये घालून कारखाना उभारणार नाही. मोठ्या कारखान्याचा टनामागचा खर्च कमी येतो; तो वाढला म्हणून गुन्हेगार ठरत नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याने ही गोष्ट मान्य केली आहे. जुन्या १९६९ च्या मक्तेदारी कायद्याचा रोख मोठेपणावरच होता. नव्या कायद्यात मोठेपणा हा दोष नाही, त्याचा दुरुपयोग हा दोष आहे. आणखी असे की क्षेत्राचे सगळे निर्बंध एका रात्रीत उठवले तर दुबळे सहकारी कारखाने बंद पडतील आणि दोनाऐवजी एकच गिऱ्हाईक उरेल, ही भीती निराधार नाही. भावाचे म्हणाल तर केंद्र सरकार किमान रास्त दर ठरवतेच; २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे.

हे सगळे मान्य. पण कायद्याने ठरवलेला दर म्हणजे तळ. तेथेच छत घालू नये. आणि सत्ता केवळ दरातून दिसत नाही. ती तोडणीच्या पाळीत दिसते, काट्यावरच्या वजनात दिसते, जाहीर झालेल्या उताऱ्यात दिसते, टोळीला द्याव्या लागणाऱ्या खुशालीत दिसते. आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. हे व्याज मागायला जायची किती जणांची छाती होते? पुढच्या वर्षी आपल्या फडाची पाळी शेवटी लागेल या भीतीने माणूस गप्प बसतो. ही भीती कोणत्याही सूत्रात बसत नाही. पण मला विचाराल तर बाजारसत्तेचे सर्वांत खरे माप तीच आहे.

मागायचे काय?

स्पर्धा कायद्याचे चौथे कलम विक्रीच्या भावाप्रमाणेच खरेदीच्या अन्यायकारक भावालाही लागू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच कायद्यात बाजाराची भौगोलिक वेस ठरवताना वाहतुकीचा खर्च आणि भाषासुद्धा विचारात घ्यावी असे म्हटले आहे. मात्र कोणाचे वर्चस्व आहे हे ठरवण्याच्या यादीत 'ग्राहकांचे अवलंबित्व' स्पष्ट लिहिले आहे. माल पुरवणाऱ्याच्या अवलंबित्वाचा तसा वेगळा उल्लेख नाही. ही उणीव भरून निघाली पाहिजे.

माझ्या मते तीन गोष्टी नेटाने मागाव्यात. पहिली, उसाच्या खरेदीतील एकवटलेपण जिल्ह्यावर न मोजता गावांच्या गटावर मोजावे. त्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे कोणत्या गावचा किती ऊस कोणत्या कारखान्याने कोणत्या तारखेला नेला आणि बिल कधी दिले, कारखान्यांच्या दप्तरात असतेच. ती जाहीर व्हावी. दुसरी, वजन आणि उतारा तपासणारा माणूस कारखान्याच्या पगारावर नसावा. तिसरी, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भाव मागणे आणि बड्या खरेदीदारांनी एकत्र येऊन भाव पाडणे यांना एका तराजूत तोलू नये. अमेरिकेने १९२२ सालीच कॅपर-व्होल्स्टेड कायदा करून शेतकऱ्यांना एकत्र येऊन माल विकण्याची मोकळीक दिली.

आणि सरकारकडे मागण्याआधी आपल्या हातचे एक काम आहे. प्रत्येकाने एक वही घालावी. तोडणीची तारीख, बाहेरच्या काट्यावर वजन केले असल्यास ते, कारखान्याचे वजन, बिलाची तारीख, कापलेली प्रत्येक रक्कम, टोळीला दिलेली खुशाली. एका माणसाची वही म्हणजे तक्रार. पन्नास जणांच्या पाच वर्षांच्या वह्या म्हणजे पुरावा. आयोगाकडे माहिती कोणालाही देता येते, शेतकऱ्यांच्या संघटनेलाही. पण तेथे टपरीवरचे बोलणे चालत नाही, आकडे लागतात. ते आकडे वरून कोणी आणून देणार नाही. ते आपल्याच बांधावर आहेत. येत्या हंगामाची पहिली मोळी गाडीत पडेल त्या दिवशी वहीचे पहिले पान लिहावे.